वीतभर अंगण आणि त्यातील वस्ती

झाशीहून मऊरानीपूरच्या रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर गेले की बरुआसागर हे लहानसे गाव लागते. ओरछाचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे खडकाळ टेकड्यांच्या मध्ये दगडी बांध घालून एक मोठा तलाव निर्माण केला. बांधाची लांबी सुमारे पाऊण मैल आहे. त्याच्या वरच्या अंगास पाणी आणि पाण्यात झाडीने भरलेली दोन खडकाळ बेटे, तर खालच्या अंगास बागायत. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरमध्ये या बागायतीचे वर्णन आहे. बांधाखालची सुमारे चार मैलांची भूमी आंब्यांनी व इतर वृक्षांनी दाट भरलेली असून त्यांतील कित्येक वृक्ष फार जुने व प्रचंड आकाराचे आहेत, असे त्या लेखकाने नमूद केले आहे. आजही बरुआसागरचे आले आणि अरवी, म्हणजे अळूचे कांदे, आसपासच्या बाजारांत प्रसिद्ध आहेत.

हे वर्णन वाचून बुंदेलखंड हा सुजल प्रदेश असावा असा ग्रह होण्याचा संभव आहे. परंतु वस्तुस्थिती उलट आहे. येथील जमीन ग्रॅनाइटवर पसरलेला मातीचा पातळ थर होय. ‘राकड’ आणि ‘परवा’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या येथील तांबड्या मातीत पाणी फार काळ टिकत नाही. वर्षाकाठी पडणारा सुमारे ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी चार महिन्यांच्या आत पडून जातो. मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या वर जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे, आणि ‘लू’ सुरू झाली म्हणजे भर दुपारी पानेदेखील मान टाकतात. अशा प्रदेशात आल्यासारखे सावली आणि ओल मागणारे पीक नाव कमावते, याचे श्रेय हवामानाला देता येत नाही. पाणी उंचावर अडविले, ते हळूहळू झिरपू दिले, वर मोठ्या वृक्षांचे छत्र राखले आणि त्या छत्राखाली मऊ पानांची पिके घेतली. या मांडणीतून ती हिरवळ निर्माण झाली. या पुस्तिकेचा विषय घरामागची, शाळेसमोरची किंवा वाचनालयाच्या पायऱ्यांजवळची दहा-बारा फुटांची जागा हा आहे. त्या जागेलाही हीच मांडणी लागू पडते, आणि ती लागू करण्यास कोणत्याही राजाची आवश्यकता नाही.

लहान जागेविषयी लोकांची दोन मते आढळतात आणि दोन्ही त्याज्य आहेत. पहिल्या मताप्रमाणे एवढ्याशा जागेत काय होणार, तेव्हा फरशी घालून घ्यावी, म्हणजे झाडलोट सोपी पडते. दुसऱ्या मताप्रमाणे तेथे चार कुंड्या मांडाव्यात, मात्र त्यांत कीड लागणार नाही अशी झाडे असावीत. पहिल्या मताने अंगण तव्यासारखे तापते. दुसऱ्या मताने ते शोभिवंत होते खरे, पण त्यात कोणी राहत नाही. गावोगाव जुन्या घरांची मातीची अंगणे सिमेंटखाली जात असता हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही.

प्रथम उष्णतेचा विचार करावा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. झाडाची पाने दिवसभर हेच कार्य करीत असतात. मुळांनी ओढलेले पाणी ती सूक्ष्म छिद्रांवाटे वाफेच्या रूपाने बाहेर सोडतात आणि भोवतालची हवा निववितात. मोकळ्या मैदानात ही थंड, दमट हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. तीन बाजूंनी भिंती असलेल्या लहान अंगणात मात्र ती काही काळ साचून राहते. म्हणजे जागेचा जो संकोच दोष म्हणून सांगितला जातो, तोच येथे उपयोगी पडतो.

या तत्त्वाचा उत्कृष्ट प्रयोग बुंदेलखंडातच शतकानुशतके चालू आहे. पूर्वेकडील महोबा येथील देशावरी पान उत्तर भारतात विख्यात असून २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नागवेल ही मुळात दमट अरण्यातील वेल. बुंदेलखंडाच्या उन्हात ती उघड्यावर एक उन्हाळाही काढणार नाही. तिच्यासाठी तेथील शेतकरी बांबू, काटक्या आणि गवत यांचा मांडव उभारतात, त्याला ‘बरेजा’ म्हणतात. वरून व बाजूंनी आच्छादलेल्या त्या मांडवात ऊन गाळून येते, लू शिरत नाही आणि थोड्या थोड्या पाण्याने ओल टिकते. महाराष्ट्रातील पानमळ्यात हेच काम जिवंत झाडांकडून करून घेतात. शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या आधाराने वेल चढते आणि त्यांच्याच सावलीत वाढते. कोकणातील वाडीत माड, त्याखाली पोफळ, तिच्या अंगावर मिरी आणि तळाशी हळद किंवा अननस, असे मजले एकावर एक चढलेले असतात. जमीन तेवढीच, पण पानांचा पसारा अनेक पट.

लहान अंगणाची बाग भरगच्च दिसावी असे ज्याला वाटते, त्याने जमिनीचे क्षेत्रफळ मोजण्याचे सोडून हे मजले मोजावेत. एका कोपऱ्यात शेवग्यासारखे विरळ सावलीचे, छाटणी सोसणारे एक झाड पुरे होते. त्याच्या खाली कढीलिंब, लिंबू, जास्वंद, अडुळसा यांसारखी झुडपे. भिंतीवर गुळवेल, गोकर्ण किंवा घोसाळ्याचा वेल. आणि तळाशी आले, हळद, अळू, ब्राह्मी, पानओवा. पश्चिमेची भिंत सर्वांत अधिक तापते, म्हणून वेल प्रथम तिच्यावर चढवावा. ही झाडे एकमेकांना खेटून असावीत. कुंड्या ओळीने आणि अंतराअंतरावर मांडण्याची पद्धत कचेरीच्या व्हरांड्याला शोभते; कडक उन्हात एकाकी कुंडीची माती चहूबाजूंनी तापते आणि मुळे भाजून निघतात. त्याच कुंड्या एकत्र, मोठ्या झाडाच्या पायथ्याशी ठेवल्या तर एकीची सावली दुसरीला मिळते.

पाण्याच्या बाबतीत एक जुनी युक्ती पुन्हा प्रचारात आणण्याजोगी आहे. न भाजलेल्या नव्हे, पण लुकण न दिलेल्या मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडक्याच्या भिंतीतून पाणी झिरपते. भोवतालची माती कोरडी असेल तर अधिक झिरपते, ओली असेल तर जवळजवळ थांबते. म्हणजे किती पाणी द्यावयाचे हे माळ्याऐवजी मातीच ठरविते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. त्याच्या जोडीला जमिनीवर वाळलेल्या पानांचा चार बोटे जाड थर असावा. शरद ऋतूपासून शिशिरापर्यंत गावोगाव सकाळी पानांचे ढीग जाळले जातात. तांबड्या, हलक्या मातीच्या प्रदेशात ही रीत विशेष हानिकारक आहे; कारण त्या मातीला ओल धरून ठेवण्याची जी थोडीबहुत शक्ती येते ती कुजलेल्या पानांमुळेच, आणि पेटविणारा मनुष्य नेमकी तीच शक्ती धुराच्या रूपाने उधळून देतो.

आता वस्तीकडे वळावे. झाडे दाट झाली की पक्षी व फुलपाखरे आपोआप येतील असे मानणे बरोबर नाही. फुलपाखराला मध देणारी फुले पुष्कळ असतात. परंतु त्याच्या अळीला मोजक्या जातींची पानेच चालतात. लिंबावर येणारे काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालते. त्यातून निघालेली अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि त्यामुळे भक्षकाच्या दृष्टीतून सुटते. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून एक दुभंगलेले मांसल शिंग बाहेर काढून ती उग्र वास सोडते. शाळकरी मुलाला अनुकूलनाचा धडा शिकविण्यास याहून स्वस्त साधन मिळणार नाही. कढीलिंबावर त्याच कुळातील आणखी काही फुलपाखरे येतात. रुईवर येणाऱ्या केशरी फुलपाखराची अळी रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये आपल्या शरीरात साठविते, आणि ते फुलपाखरू एकदा तोंडात घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस सहसा जात नाही. कण्हेर, सीताफळ, बहावा, कृष्णकमळ यांनाही आपापली गिऱ्हाइके आहेत.

याचा अर्थ असा की, फुलपाखरे हवी असतील तर खाल्लेली पाने सोसली पाहिजेत. बागेविषयीच्या समजुतींत सर्वांत आधी बदलण्याजोगी समजूत हीच आहे. पानाला भोक पडले की माळी औषधाची पिचकारी हाती घेतो. वस्तुतः भोक नसलेले पान म्हणजे कोणाच्याही उपयोगी न पडलेले पान. पक्ष्यांच्या बाबतीत तर हा हिशेब आणखी स्पष्ट आहे. चिमणी दाणे टिपते, बुलबुल फळे खातो, शिंजीर मध शोषतो. पण हे तिन्ही पक्षी आपल्या पिलांना मुख्यतः किडे, अळ्या आणि कोळी भरवितात. ज्या अंगणात अळी राहू दिली जात नाही, तेथे दाण्याची वाटी आणि लाकडी घरटे टांगून पक्ष्यांना आमंत्रण देणे म्हणजे पाहुण्यांना पाट मांडून पान रिकामे ठेवण्यासारखे आहे.

कीड वाढत गेली तर काय, हा प्रश्न रास्त आहे. कोवळ्या शेंड्यावर मावा पडला की पहिले आठ-दहा दिवस तो वाढताना दिसतो. त्यानंतर ढालकिडे व त्यांच्या काळसर, काटेरी अळ्या येतात, आणि माशीसारख्या दिसणाऱ्या काही कीटकांच्या अळ्याही मावा खाऊ लागतात. अतिसूक्ष्म गांधीलमाश्या माव्याच्या अंगात अंडी घालतात. त्यांनी पोखरलेले मावे फुगून तपकिरी होतात व पानावर कवचासारखे चिकटून राहतात. भक्षक नेहमी भक्ष्याच्या मागून येतो, आणि त्याची संख्या सावकाश वाढते. तिसऱ्याच दिवशी विष फवारणारा मावा मारतोच, पण मागून येणाऱ्या पहारेकऱ्यांनाही मारतो. पुढच्या खेपेस मावा लवकर परततो. पहारेकरी परतण्यास विलंब लागतो. कुंडीतील लिंबाचे रोप फारच लहान असेल आणि चार अळ्या त्याचा फडशा पाडतील असे दिसेल, तर त्यांतील तीन उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात. त्यासाठी बाटली उघडण्याची गरज नाही.

रोपवाटिकेत मिळणाऱ्या झाडांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. दुहेरी पाकळ्यांच्या जास्वंदीत बहुधा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. फूल डोळ्यांत भरते, पण माशीच्या दृष्टीने ते रिकामे दुकान आहे. साधी, एकेरी फुलाची जास्वंद घ्यावी. तुळशीची मंजिरी खुडली की रोप अधिक काळ टिकते हे खरे. तरी दोन रोपे असतील तर एकाला फुलू द्यावे. त्याच्या बारीक जांभळट फुलांवर सकाळच्या प्रहरी मधमाश्यांची जी ये-जा चालते, ती महागड्या परदेशी फुलझाडावर क्वचितच दिसेल. झाशीकडील मराठी घरांतही वृंदावन अंगणात असावयाचेच. तेवढ्या हातभर चौथऱ्यापासून प्रारंभ करण्यास हरकत नाही.

परदेशी झाड मुळीच लावू नये, असा हट्ट मात्र शास्त्राला धरून नाही. इंग्लंडमधील लेस्टर या शहरात जेनिफर ओवेन या जीवशास्त्रज्ञ विदुषीने १९७२ ते २००१ अशी तीस वर्षे आपल्या घराच्या बागेतील सजीवांची नोंद ठेवली. बाग ७४१ चौरस मीटरांची, उपनगरातील साध्या घराची. तीत देशी झाडांबरोबर परदेशी फुलझाडे आणि भाजीपालाही होता. तीस वर्षांअखेर तिच्या वहीत २,६७३ जाती झाल्या: ४७४ वनस्पती, १,९९७ कीटक, १३८ इतर अपृष्ठवंशी प्राणी आणि ६४ पृष्ठवंशी. परजीवी गांधीलमाश्यांच्याच जाती पाचशेहून अधिक निघाल्या, आणि त्यांत विज्ञानाला तोवर अज्ञात असलेल्या जातीही होत्या. हे आकडे आपल्याकडील अंगणाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. ती बाग बरुआसागरच्या परसाहून कितीतरी मोठी होती, आणि तेथील हवामानही निराळे. परंतु एका घराच्या आवारात काय काय राहत असते हे त्या घरच्या माणसांना सहसा ठाऊक नसते, एवढे त्यांवरून निश्चित ठरते. परदेशी झाडांपैकी जी स्वतः पसरून रान व्यापतात, त्यांना मात्र मज्जाव हवा. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरे झुंडीने येतात म्हणून ती मुद्दाम लावणारे लोक आहेत. तिची फळे पक्षी दूरवर नेतात, आणि मध्य भारतातील अरण्यांची तिने केलेली अवस्था पाहिली म्हणजे हा मोह आवरता येतो.

अंगण फार नीटनेटके ठेवू नये, हा सल्ला शाळांच्या मुख्याध्यापकांना रुचणार नाही, तथापि तो देणे प्राप्त आहे. वाळक्या लाकडाचा ओंडका कोपऱ्यात पडू द्यावा. मोठा काळा भुंगा त्यात भोक पाडून घर करतो. काही एकाकी माश्या गुलाबाच्या पानांतून कर्कटकाने आखल्यासारखे गोल तुकडे कापून नेतात आणि पोकळ काडीत त्यांच्या डब्या करून एकेका डबीत परागाच्या शिदोरीसह एकेक अंडे ठेवतात. गुलाबाचे त्याने काही बिघडत नाही. पण ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस रोग समजून फवारणी करतो. पालापाचोळ्याखाली सापसुरळी, गोगलगाय, गांडूळ, भेक यांना आश्रय मिळतो. रुंद पानांचे झुडूप असेल तर शिंपी पक्षी पानांच्या कडांना भोके पाडून कापसाने व कोळिष्टकाने ती शिवतो आणि त्या पिशवीत घरटे करतो; माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, दारापासून चार पावलांवर. साप येतील ही भीती पूर्णपणे निराधार नाही. म्हणून पाल्याचा ढीग दारापासून व मुलांच्या वाटेपासून दूर असावा, आणि त्यात उघडा हात घालू नये.

पाण्याच्या पात्राविषयी अधिक दक्षता हवी. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी परळात पाणी ठेवण्याची रीत चांगली आहे, परंतु साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. डेंग्यू पसरविणारा डास आपली अंडी पात्राच्या कडेला, पाण्याच्या रेषेलगत चिकटवितो आणि ती कोरडी राहूनही महिनोन् महिने जगतात. म्हणून दर तीन दिवसांनी पाणी ओतून परळ आतून घासला पाहिजे. नुसते पाणी बदलून भागत नाही. पाणवनस्पतींसाठी मोठी दगडी डोणी ठेवावयाची असेल तर जवळच्या तळ्यातील स्थानिक जातीचे लहान मासे तीत सोडावेत. डास खाण्यासाठी म्हणून आणलेला परदेशी गांबुसिया मासा बेडकांची पिलेही खातो. तो तलावात जाता कामा नये.

लहान बागेच्या पुरस्कर्त्यांनी एका अतिशयोक्तीपासून दूर राहावे. अंगणे हिरवी झाली म्हणजे देशातील वन्य जीवन वाचले, असे कित्येकदा सुचविले जाते. बरुआसागरपासून जवळच ओरछा येथे बेतवेच्या काठी बुंदेला राजांच्या छत्र्या आहेत. त्यांच्या उंच कोनाड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. १९९० नंतरच्या दशकात भारतातील गिधाडे भयावह वेगाने नाहीशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्याचे कारण असल्याचे २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ साली भारताने पशुवैद्यकातील त्याच्या वापरावर बंदी घातली. त्या गिधाडांना जास्वंदीचा किंवा परळाचा काडीमात्र उपयोग नव्हता. त्यांना कायदा हवा होता, आणि तो अमलात आणणारी यंत्रणा हवी होती. सारस क्रौंचाला पाणथळ लागते, वाघाला अरण्य लागते. परसबाग या कशाचाही पर्याय नाही. तिचे सामर्थ्य निराळ्या ठिकाणी आहे. लहान जातीच्या माशीचा फेरा काही शे मीटरांचा असतो, फुलपाखरू एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाते, शिंजीर दिवसभरात अनेक घरांची फुले पाहून येतो. त्यांच्या लेखी एकेक अंगण ही मोठ्या घराची एकेक खोली होय, आणि मधल्या दहा खोल्या फरशीने बंद झाल्या तर अकरावी कितीही सजविली तरी तेथे पोहोचणे कठीण होते. म्हणूनच एखाद्या उत्साही गृहस्थाच्या बागेपेक्षा एका आळीतील वीस साधी अंगणे अधिक मोलाची आहेत, आणि हा विषय शाळांपुढे व वाचनालयांपुढे मांडण्याचे कारणही हेच आहे.

शाळेला प्रारंभ करावयाचा असेल तर पहिला पाऊस पडून जमीन भिजल्यावर करावा. उन्हाळ्यात लावलेली रोपे जगविण्यात उत्साह खर्ची पडतो. प्रथम फरशीची एक रांग उखडावी आणि खालची दबलेली माती हातभर खणून तीत कुजलेला पाला मिसळावा. शेवग्याची फांदी, कढीलिंबाचे आणि लिंबाचे रोप, गोकर्णाच्या बिया, आल्याचे व हळदीचे चार कोंब एवढे साहित्य बहुतेक गावांत शेजाऱ्याकडे मागूनही मिळते. याखेरीज एक वही लागते. तीत तारीख, वेळ, झाडाचे नाव आणि त्यावर दिसलेला प्राणी अशी चार घरे आखावीत. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढावे व रंग लिहावा. पहिल्या महिन्यात वहीत मुंग्या, साळुंक्या आणि एखादी खार एवढेच येईल. लिंबाला नवी पालवी फुटली की पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काहीतरी पानावर आढळेल, आणि ते हलते की नाही हे पाहण्यासाठी मधल्या सुट्टीत वर्ग तेथे जमेल.